नावाडिणीचं पान

माय,

येत्या रविवारी मला एका पुस्तकावर बोलायचं आहे आणि मला ते जमेलसं वाटत नाही. इथं नांदेडला आमचं एक वाचक मंडळ आहे, बहुतेक निवृत्त माणसांचं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, पोहे खातो, आणि ज्याच्यावर पाळी असेल त्यानं एका पुस्तकावर आपला अभिप्राय सांगायचा असतो. मी जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं, म्हणून माझ्याकडून जरा जास्तीची अपेक्षा असते. या खेपेला माझ्या वाट्याला आली आहे ती तीच अद्भुत कादंबरी, तू दुष्काळी कामावर आम्हाला वाचून दाखवायचीस ती. आता तिची सचित्र आवृत्ती निघाली आहे. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं. दुपारपासून टेबलाशी बसले आहे. कूलर घरघरतो आहे, कागदावर चार ओळी झाल्या आहेत आणि त्यातल्या दोन कागदाच्या दर्जाबद्दल आहेत. म्हटलं, तुलाच लिहावं. त्या पुस्तकावर माझ्या कानावर पडलेला पहिला अभिप्राय तुझाच होता.

आधी कादंबरीबद्दल सांगते, चित्रांचा राग मग काढते. कादंबरी काही थोर नाही. लहानपणी वाटली होती, आता वाटत नाही. राजपुत्र मठ्ठ आहे, त्याला दर प्रकरणात कुणीतरी वाट दाखवावी लागते. जादूगार दुष्ट आहे कारण लेखकाला तो दुष्ट हवा आहे, दुसरं काही कारण दिलेलं नाही. मधली कितीतरी पानं नुसती तलवारबाजी आहे आणि भाषा अशी की माणूस खाटेवरून उठला तरी शंख फुंकल्यासारखं वाटावं. पण त्यात एक प्रकरण आहे. राजपुत्राला पलीकडच्या काठाला जायचं असतं आणि मध्ये नदी नसते, नदीचं नुसतं पात्र असतं, नजर पोचेल तिथवर वाळू. पायी जाणारा त्यात रुततो. काठावर एक होडी आहे आणि ती वल्हवणारी एक बाई. ही होडी वाळूवर चालते, पण एका अटीवर. नावाडिणीनं त्या नदीच्या आठवणी सांगत राहायचं. इथं घाट होता, इथं म्हशी डुंबायच्या, इथं एक नवी नवरी पाय घसरून पडली आणि सगळे हसले. आठवण खरी पाहिजे आणि एकदा सांगितलेली पुन्हा चालत नाही. आठवणी सरल्या की होडी थांबते आणि मग नावाडिणीला तिथंच राहावं लागतं. तर त्या बाईच्या आठवणी काठाच्या जरा अलीकडंच सरतात. राजपुत्र उडी मारून काठ गाठतो, लढाईला निघून जातो आणि लेखकही त्याच्या मागं निघून जातो. ती पुन्हा कुठंच येत नाही. तिच्या दिसण्याबद्दल अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य आहे: ती सावळी होती आणि उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते. बाकीची बाई उभी करायचं काम लेखकानं आपल्यावर सोडलं आहे. हा त्याचा आळस म्हणायचा की शहाणपण, ते मला रविवारपर्यंत ठरवायचं आहे.

त्या बहात्तरच्या दुष्काळात आपण देवणीच्या अलीकडच्या खेड्यात राहत होतो आणि आबा उदगीरला तहसील कचेरीत शिपाई होते. कचेरीचं टपाल द्यायला ते वाचनालयात जायचे, तिथल्या माणसाशी ओळख झाली, आणि एका शनिवारी घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढून तुझ्यापुढं ठेवलं. कव्हर फाटलेलं, आत चित्र एकही नाही. "तुला वाचाया येतं म्हणून आणलं," एवढंच म्हणाले. तुला वाचता येतं याचा त्यांना केवढा अभिमान होता हे तुला कधी कळलं का, मला शंका आहे. आपल्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी तुझ्या बापानं तुला शाळेत घातलं. अंगापिंडानं वाढलेली तू, पहिलीतल्या बारक्या लेकरांच्या रांगेत जाऊन बसलीस. हे तूच हसत हसत सांगायचीस. चौथीपर्यंत गेलीस. वाचताना ओळीखाली बोट धरायचीस आणि ओळ संपली की बोट उचलून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टेकवायचीस.

त्या उन्हाळ्यात पाझर तलावाचं काम चालू आहे. ऊन डोक्यावर आलं की मुकादम शिट्टी फुंकतो, बाया घमेली पालथी घालतात आणि सावलीला जातात. सावली म्हणजे दोनच बाभळी. एक गावातल्या बायांची, एक आपल्या बायांची. माठही दोन. तू रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खातेस, हात पदराला पुसतेस आणि पुस्तक उघडतेस. पहिल्या दिवशी आपल्याच काही जणी होत्या. मग पलीकडच्या बाभळीखालून कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं वाच की गं, इकडं काय बी ऐकू येईना." तू आवाज चढवलास. तरी त्या हळूहळू सरकत सरकत आल्याच, लेकरं मांडीवर घेऊन. माठ तेवढे जागच्या जागी राहिले. तू अवघड शब्द सरळ गाळायचीस. लेखकानं "राजपुत्र उद्गारला" लिहिलं असेल तिथं तू "राजाचा पोरगा म्हनला" असं वाचायचीस. पुढं शिकल्यावर मला त्याचं हसू यायचं. आता छापलेली वाक्यं वाचते तेव्हा तुझीच बरी वाटतात. पुन्हा शिट्टी वाजली की वाक्य अर्ध्यात टाकून, पानात बाभळीची एक चपटी शेंग ठेवून तू उठायचीस आणि सगळ्या पुन्हा खडी फोडायला जायच्या.

नावाडिणीचं प्रकरण संपलं त्या दिवशी तू शिट्टीच्या आधीच थांबलीस. "मागं वळून बी बघितलं न्हाई मेल्यानं," तू म्हणालीस. गावातली एक म्हातारी होती, दात पडलेली, तिनं विचारलं, "आन् तिचं काय? तिथंच?" तू म्हणालीस, "पुढं आसंल की." पुढं नव्हतं. लढाया झाल्या, जादूगार मेला, लग्न लागलं, पुस्तक संपलं, ती बाई वाळूतच. तू पुस्तक मिटायला लागलीस तर म्हातारीनं हात धरला. "तिच्यापाशी सरल्या आसतील. आपल्यापाशी हायत की," ती म्हणाली. "मांजरेला पूर आला तवा माझी दोन शेरडं गेली वाहून. हे घे. हाकल होडी." मग दुसरीनं माहेरच्या डोहाचं सांगितलं, त्यात म्हणे पितळेचा तांब्या पडला आणि अजून पडलेलाच आहे. एकीनं बाळंत झाल्यावर पहिल्यांदा नदीवर गेल्याचं सांगितलं आणि मध्येच उठून माठाकडं गेली. ते मग रोजचंच झालं. जेवणाच्या सुट्टीत एकेकीनं नदीची एक खरी आठवण सांगायची आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "सरकली गं." एकीनं खोटं सांगितलं तर लगेच पकडली जायची, "त्या साली कुठला गं पूर? मला न्हाई मालूम व्हय?" विहिरींत नुसता गाळ राहिला होता आणि ह्या बाया ती होडी काठाला लावायला बघत होत्या. लागली की नाही ते मला सांगता येणार नाही. पाऊस पडला, काम बंद झालं आणि सगळ्या आपापल्या शेतात नाहीतर दुसऱ्याच्या शेतात गेल्या.

मला मात्र त्या पुस्तकाबद्दल एकच तक्रार होती. चित्रं नव्हती. एकदा मी म्हणालेही, "माय, चित्र कामून न्हाई ह्याच्यात?" तू म्हणालीस, "डोळं मीट. दिसंल." मी मिटले. "दिसली का नावाडीन?" "दिसली." "कशी हाय?" मी म्हणाले, "तुझ्यावानी." सगळ्या बाया खो खो हसल्या. "मला वाळूत बसवती का गं," तू म्हणालीस, पण तू मला ओढून जवळ घेतलंस आणि त्या दिवशीचं पुढचं सगळं वाचन मी तुझ्या कुशीत ऐकलं. आनंद झाला होता तुला. दुसऱ्या दिवशी चुलीतला कोळसा घेऊन मी त्या पानाच्या कोऱ्या कडेला नावाडीण काढली, म्हणजे तूच काढली. तू पाहिलंस आणि पाठीत असा धपाटा घातलास की कोळसा हातातून उडाला. "पुस्तक लोकाचं हाय. आबाला बोल लागंल." मग भाकरीचा तुकडा मळून माझ्या हातात दिलास आणि ते पुसायला लावलंस. मी रडत पुसलं. मिलोच्या भाकरीचा तांबूस डाग तेवढा पानावर राहिला. मला तो धपाटा आठवतो, भाकरीचा मऊपणा आठवतो, खडीनं फुटलेली तुझी नखं आठवतात. मी काय काढलं होतं ते आठवत नाही.

दुष्काळात तू तगलीस. गेलीस ती दुष्काळ सरल्यावर, घरात आपली पांढरी ज्वारी आल्यावर, तापानं. कुणाच्या तरी बैलगाडीतून तुला उदगीरच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच गाडीतून आणलं. कुणीतरी मला पुढं केलं, "मायला बघून घे" म्हणालं. मी तुझ्या पावलांकडं बघत उभी राहिले आणि मग बायांनी मला मागं घेतलं. तुझा एकही फोटो नव्हता. लग्नात काढणारं कोणी नव्हतं आणि पुढं "लातूरला गेलो की काढू" असं तुमचं दोघांचं चालायचं. लातूरला जायचं कारणच कधी निघालं नाही. आबांना नोकरी आणि मी एवढीशी, म्हणून मावशी, तुझी पाठची बहीण, मला हदगावला घेऊन गेली आणि मी तिच्याकडं शिकले. तिनं मला कधी काही कमी केलं नाही. तुला बघावंसं वाटलं की मी डोळे मिटायचे आणि नावाडिणीच्या प्रकरणात जायचे. तिथं तू वल्हं धरून बसलेली असायचीस. पुढं स्वतःच्या पगारातून मी त्या कादंबरीची जुनी, बिनचित्रांची प्रत मिळवली, तीही त्यासाठीच.

लातूर जिल्हा झाला आणि आबांची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली. मी कॉलेजच्या सुट्टीत तिकडं गेले तर सगळ्या शहराला रंगाचा वास. दुकानांच्या पाट्यांवर खाली "जि. उस्मानाबाद" लिहिलेलं होतं, ते खोडून "जि. लातूर" करायचं होतं. पेंटर लोकांना मान वर करायची फुरसत नव्हती. आबांना क्वार्टर मिळालं होतं, नव्या पांढऱ्या भिंतींचं. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, आपल्या प्रत्येक घरात असतात त्याच. त्यांच्या खाली आबांनी तिसरा खिळा ठोकून ठेवला होता. येताना मावशीचा फोटो घेऊन ये, असा त्यांनी मला निरोप धाडला होता. मावशीला वाटलं नव्या घरात लावायला पाहिजे असेल. "दाजीला माझी आठवन हाय म्हनायची," असं म्हणत तिनं खुशीनं काढून दिला.

पेंटर चौकात शिडीवर बसून जिल्हा बदलत होता. आबांनी हाक मारली तसा खाली उतरला, हात पुसून फोटो पाहिला. "सगी बहन है ना? मग होऊन जातं काम," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाची तसबीर करायची तर कुणीतरी जित्तं लागतंच, काका. ह्याच्यावर फरक करू. बोला, नाक कसं होतं?" आबांनी फोटो त्याच्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला. "नाक बरं होतं," ते म्हणाले. "डोळे?" "डोळे चांगले होते." "रंग?" "आपल्यासारखाच." एवढा उंच माणूस, त्या चौकात उभा राहून ओठ चावत होता. पेंटर माझ्याकडं वळला, "बेटा, तू बोल." मी डोळे मिटले आणि तू होतीस. मी सांगितलं: नाक जरा बसकं, डोळे बारीक, डाव्या भुवईत जुन्या जखमेची एक रेघ, खालचा ओठ जाड. ते शब्द मला अजून तोंडपाठ आहेत. पेंटरनं मान डोलावत सगळं ऐकलं आणि काही दिवसांनी मावशीलाच हिरवी साडी नेसवून, रंग दोन छटा उजळ करून, मोठं कुंकू लावून आमच्या हातात दिलं. आबांनी ते खिळ्यावर अडकवलं, चंदनी हार घातला आणि मला विचारलं, "हाय का न्हाई?" मी हाव म्हणाले.

तुझ्या स्मृतिदिनाला मावशी आली. खाली मेणबत्ती, उदबत्ती, वंदनेला बसलेले चार शेजारी. ती दारातून आत आली, भिंतीकडं पाहिलं आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. "आता गं बया," ती म्हणाली, "म्या जित्ती हाय न्हवं?" ती तसबिरीजवळ गेली, स्वतःच्याच तोंडाकडं खालून वर पाहिलं आणि हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसून रडायला लागली. आबा म्हणाले, "काढून टाकतो." "नगा काढू, दाजी," ती म्हणाली. "तिला दुसरी जागा कुठं हाय. ऱ्हाऊ द्या माझ्यात." मग तिनंच उठून हार सारखा केला. आबांचं पुढं पुढं असं झालं की ते त्या तसबिरीशी बोलायला लागले, कचेरीतलं सांगायचे, माझ्या नोकरीचं सांगायचे. मी एकदा शहाणपणा करून म्हणाले, "आबा, ही मावशी हाय." ते भडकले. "माझी बायकू मला म्हाईत न्हाई? तू शिकवती का मला?" मावशी घरी आली की मात्र ते तिच्याकडं बघायचे नाहीत, जमिनीकडं बघून बोलायचे. आता दोघंही नाहीत. तसबीर माझ्या इथल्या बैठकीत आहे आणि माझी नातवंडं तिला हात जोडतात.

आता चित्रांचं. चित्रकाराच्या हातात कसब आहे, ते मी रविवारी सगळ्यात आधी सांगणार आहे. होडी त्यानं फार चांगली काढली आहे, जुन्या लाकडाला पडलेल्या भेगांसकट. वाळूचा संध्याकाळचा रंग बघून माझ्या पायांना चटका जाणवला. लेखकाला न जमलेल्या लढायासुद्धा चित्रात बऱ्या वाटतात. आणि मग नावाडीण. गोरीपान, नितळ, कमरेत मुरडलेली, कानांत लोंबते डूल, केस वाऱ्यावर सोडलेले, काजळ घातलेले टपोरे डोळे. वल्हं दोन बोटांत धरलं आहे, जेवायला बसल्यावर लोणचं उचलावं तसं. समोरच्याच पानावर ती सावळी असल्याचं आणि उन्हानं डोळे बारीक झाल्याचं छापलं आहे. चित्रकारानं समोरचं पान वाचलं नाही किंवा वाचूनही त्याला ते पटलं नाही. काळी बाई त्याला खडीवर चालते, शेतात चालते, धुणंभांडी करायला चालते. गुळगुळीत कागदावर चालत नाही. मंडळाच्या चिटणीसांचा दुपारी फोन आला होता. "मॅडम, झालं का टिपण? चित्रं लई जबरदस्त हायत, नाही? ती नावाडीण तर अशी हाय की बघतच ऱ्हावं." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

पण तेवढ्यानं भागलं असतं तर मी चिडून अभिप्राय लिहिला असता आणि मोकळी झाले असते. ती बाई जात नाही, माय. डोळे मिटले की होडी येते आणि होडीत ती बसलेली असते, काजळ घालून. मी तिला उठवते, ती पुन्हा बसते. तिला घालवायला तुझं नाक, तुझी भुवई, तुझा ओठ असे शब्द एकेक करून म्हणते, तर त्या शब्दांवर मावशी येते, हिरव्या साडीत. भिंतीवरच्या त्या दोन तसबिरींतले चेहरे मी झोपेतसुद्धा बोटानं रेखाटून दाखवीन. तू मला जन्म दिलास आणि तुझं तोंड मला सांगता येत नाही. आरशात बघावं तर मी सगळी आबांवर गेलेली. तुला मातीत ठेवलं तेव्हा मी लहान होते, मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आता पुरतं कळतं आहे आणि आता तू दुसऱ्यांदा जाते आहेस, आणि ह्या वेळी मागं काहीही उरत नाही. मी गेल्यावर तर तुला बघितलेलं कुणीच नसेल, पण मी असतानाच हे व्हावं, ते मला सोसत नाही. चार ओळींच्या पुढं लिहिता येत नाही त्याचं हे कारण आहे, आणि ते मंडळात सांगता येणार नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी देवणीला गेले होते. सहज म्हणून आपल्या गावाकडं वळले. पाझर तलाव गाळानं भरून सपाट झाला आहे आणि त्यात कुणीतरी सोयाबीन घेतं, धसकटं उभी होती. बाभळी दोन्ही नाहीत. तुझ्या वेळची एकच बाई राहिली होती, आपल्यातली, अंथरुणाला टेकलेली, पण डोकं जागेवर होतं. मी कोण ते तिला लगेच कळलं. होडीची गोष्टही तिला आठवत होती, म्हातारीच्या शेरडांसकट. मी विचारलं, "मावशे, माझी माय दिसायला कशी होती?" "चांगली होती की," ती म्हणाली. मी म्हणाले, "चांगली म्हणजे कशी? तोंड कसं होतं?" तिनं डोळे मिटले, खूप वेळ मिटून धरले. मी तिचा हात धरून बसले होते. मग डोळे उघडून माझ्याकडं बघून म्हणाली, "वाचत होती बघ. खाली मान घालून वाचत होती. आमी सगळ्या पुस्तकाकडं बघत होतो, माय." तिच्या सुनेनं आणलेला चहा मी प्यायले आणि बसची वाट बघत उभी राहिले.

रविवारी मी बोलेन. छपाई देखणी आहे, लहान मुलांना भेट द्यायला चांगलं पुस्तक आहे, मधल्या लढाया जरा लांबल्या आहेत, असं काहीतरी सांगेन. ते चार ओळींचं पान वेगळं काढून ठेवलं आहे. ही पानं मात्र कुणाला दाखवायची नाहीत आणि तुझ्याकडंही जाणार नाहीत. कपाटात ठेवेन.

एक राहिलं. देवणीहून आपल्या गावाकडं मी सहज वळले नव्हते. लग्न लांबच्या नात्यातलं होतं, एरवी मी गेलेही नसते. चित्रकारानं तुला घालवलं असं मी वर लिहिलं, तेही खरं नाही. ही आवृत्ती निघायच्या कितीतरी आधीपासून होडी रिकामीच यायची. मी जुन्या प्रतीतलं ते प्रकरण पुन्हा पुन्हा वाचून बघायचे, वल्हं दिसायचं, हात दिसायचे, वर काही नसायचं. इथल्या पुस्तक प्रदर्शनात सचित्र आवृत्ती हातात घेतली तेव्हा मी पहिलं पान उघडलं नाही. उभ्या उभ्या नावाडिणीचं पान शोधलं. मला वाटलं, त्यानं तरी तुला काढलं असेल.